समोरच्या खोलीतली जखम

२ नोव्हेंबर, सोमवार

दुरुस्ती. शनिवारच्या नोंदीत लिहिलं आहे की समोरच्या खोलीतले गृहस्थ रात्रभर हुंदके देऊन रडत होते. हे बरोबर नाही. रात्रभर मी जागी नव्हते. भांडी घासताना आवाज सुरू झाला आणि मी अंथरूण घालेपर्यंत थांबला. शिवाय ते हुंदके नव्हते. बारीक, एकसुरी, दातओठ आवळून दाबून धरलेलं कण्हणं होतं. 'त्यांच्या काळ्याभोर डोळ्यांत एक वादळ' असंही लिहिलं आहे. डोळ्यांचा रंग मी पाहिलेला नाही. त्यांना चष्मा आहे आणि जिन्यातला बल्ब गेलेला आहे. वादळ खोडलं.

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. पण म्हणून तिच्यात खोटं का लिहायचं?

परिस्थिती अशी. वरच्या मजल्यावर दोन खोल्या समोरासमोर, मध्ये सामाईक स्वयंपाकघर. एका खोलीत मी, दुसऱ्या खोलीत ते. खाली मालकीणबाई. मी आले तेव्हा ते आधीच राहत होते. माणूस शांत. इतका शांत की काहीतरी घडलेलं असणारच. त्यांच्या खोलीचा करार महिनाअखेर संपतो आणि पुढं राहायचं की नाही हे त्यांनी मालकीणबाईंना अजून सांगितलेलं नाही.

आणि मी कादंबरी लिहिते आहे. रोमँटिक सस्पेन्स. मनाने जखमी झालेली दोन अनोळखी माणसं, एकच घर, बंद दारं, हळूहळू उलगडणारं रहस्य. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी मुलगी अशी पुस्तकं जेवणाच्या सुट्टीत वाचते आणि तिचा घास हवेत थांबतो, हे मी पाहिलं आहे. मला नायक आयता मिळाला आहे. त्यामुळे त्यांचं इथं राहणं आवश्यक आहे. कादंबरीच्या दृष्टीने. बाकी माझं काही नाही.

संकल्प: त्यांची जखम कोणती ते महिनाअखेरपर्यंत शोधायचं. न विचारता.

न विचारता, कारण दहावीपर्यंत मी घरीच शिकले. बाबांनी विज्ञान शिकवलं: निरीक्षण, अनुमान, पडताळा. आईने भाषा. आत्याने वागणूक. वर्गात मी कायम पहिली असे. (वर्गात मी एकटीच होते, हेही नोंदवते.) वागणुकीत आत्याने मला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव दिले. एका पाहुण्यांना 'हे केस तुमचेच का' असं विचारल्याबद्दल दोन कापले. माणूस आपणहून सांगेल ते ऐकावं, उकरून काढू नये, असं तिनं समजावलं. तेव्हापासून मी कुणालाही त्याच्याबद्दल काही विचारलेलं नाही.

३ नोव्हेंबर, मंगळवार

पहिलं प्रकरण सुरू. नायिका जखमी आहे. कशाने, ते नंतर ठरवू. मला स्वतःला कधी काही झालेलं नाही, ही मोठी अडचण. बालपण सुखाचं. आईबाबा प्रेमळ. गोवर आला तोही हलकासा.

संवाद मोठ्यानं म्हणून पाहिले. कानाला खटकतं ते कागदावरही खटकतं, हे आईचं वाक्य. 'तो मला शोधत इथंही येईल' हे कुजबुजून म्हटलं, मग ओरडून, मग उशीत तोंड खुपसून. शेवटच्या वेळी खरंच रडू कोसळलं. लेखनाच्या दृष्टीने उत्तम खूण.

त्या वेळी समोरचं कण्हणं एकदम थांबलं. योगायोग असावा.

५ नोव्हेंबर, गुरुवार

निरीक्षण: संध्याकाळी ते परत येतात तेव्हा शर्टाच्या बाह्यांवर पांढरी धूळ असते. कधी केसांतही.

अनुमान: ते शिक्षक होते, शाळेने अन्याय केला, तरी रोज कुठल्यातरी रिकाम्या वर्गात जाऊन फळ्यावर लिहितात. किंवा बालपणीचं घर पाडलं जातं आहे आणि ते रोज तिथं जाऊन उभे राहतात. दुसरं जास्त चांगलं आहे. दुसरं धरते.

पहिलं पान शेजारच्या टेबलावरचीला वाचायला दिलं. इथं नोंदवायला हवं की आमचं काम औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेलं माहितीपत्रक असतं त्याची प्रुफं तपासण्याचं. त्याचा माझ्या शैलीवर परिणाम झालेला नाही. तिनं मात्र वाचलं, 'नायकाला पाहताच नायिकेला धडधड, तोंडाला कोरड आणि क्वचित प्रसंगी चक्कर', आणि म्हणाली, अगं, हिला प्रेम झालंय की गोळी सोसत नाहीये? मग म्हणाली, लक्षणं टिकून राहिल्यास डॉक्टरांना भेटा, असं खाली टाक. आख्खा विभाग हसला.

मी तिला क्षमा केली. दुपारपर्यंत.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

योजना: स्वयंपाकघरात नुसतं बसून राहायचं. जखमी माणसाला मूक सोबत मिळाली की तो आपोआप मोकळा होतो. मी टेबलाशी बसले, समोर रिकामा कप, नजर खिडकीबाहेर.

ते आले. माझ्याकडे पाहिलं. कपाट उघडलं, बंद केलं. गाजर चिरायला लागले. मी हलले नाही. त्यांनी सूप केलं, एक वाडगा माझ्यापुढं ठेवला, फार हळू आवाजात म्हणाले, गरम आहे तोवर घ्या. आणि पाय न वाजवता निघून गेले.

निष्कर्ष: स्वतःच्या दुःखाबद्दल बोलता येत नाही म्हणून ते सूप करतात. सूप चांगलं होतं. मीठ कमी. जखमी माणसाला चव राहत नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

मोठी घडामोड. आज गॅसपाशी उभी राहून मी दूधवाल्याबद्दल मालकीणबाईंशी बोलत होते आणि ते माझ्या ओठांकडे पाहत होते.

दुरुस्ती: ओठांकडे की तोंडाकडे, सांगता येणार नाही. पण डोळ्यांकडे नव्हतं, हे नक्की. मान किंचित तिरकी, भुवया जवळ आलेल्या. एखादी हरवलेली गोष्ट आठवावी तसे. मी हातानं तोंड झाकलं. ते दचकले, माफ करा म्हणाले, आणि लायटर घेऊन गेले. लायटर सामाईक आहे. नंतर आणून ठेवला.

संध्याकाळी नायिकेच्या जागी दोनदा 'मी' लिहिलं गेलं. दोन्ही खोडलं.

११ नोव्हेंबर, बुधवार

धक्का. गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस आला तेव्हा ते जिन्यातून म्हणाले, ताईंना विचारा कुठं ठेवायचा.

ताईंना.

शेजारच्या टेबलावरचीला सांगितलं. ती म्हणाली, संपलं, कादंबरी गुंडाळ आणि ओवाळणीची तयारी कर. मी तिला समजावलं की ज्याला फार आतून काही वाटतं तोच अशी भिंत बांधतो. ती म्हणाली, मग तुला काकू म्हणणारा तर जीवच टाकत असेल.

तिला सस्पेन्स नुसता वाचता येतो. कळत नाही.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचं अक्षर वाकडं आलं आहे. (किंचित.)

आज लवकर घरी आले. स्वयंपाकघराच्या खिडकीत, उन्हात, वर्तमानपत्रावर, माणसाचे दात वाळत होते. सुटे नव्हेत. हिरड्यांसकट, ओळीनं, आ वासून. एक जबडा माझ्या मगाला टेकलेला होता.

मी किंचाळले नाही. बाबांनी शिकवल्याप्रमाणे आधी निरीक्षण केलं. मग खोलीत पळाले.

आता सगळं जुळतं. कण्हणं. धूळ. माझ्या तोंडाकडे पाहणं. आत्याला फोन करावा असं वाटलं. पण तिला सांगायचं तर मी कुणाच्या तरी वस्तू पाहिल्या हे सांगावं लागेल. नायिकाही अशा वेळी कुणाला सांगत नाहीत.

दाराच्या मुठीखाली खुर्ची अडकवली. संकल्प: काही झालं तरी त्यांच्याबद्दल मत कलुषित होऊ द्यायचं नाही. प्रत्येक माणसात सुधारणेला वाव असतो.

१४ नोव्हेंबर, शनिवार

दुरुस्ती, अनेक.

एक तर दार बाहेरच्या बाजूला उघडतं. खुर्ची नुसतीच उभी होती.

दुसरं, सकाळी मालकीणबाईंकडे गेले आणि म्हणाले, वरच्या खिडकीत कुणाचं तरी काही वाळत आहे, मी विचारत नाही, फक्त सांगते. त्या म्हणाल्या, अगं त्या कवळ्या. तो दातांचा कारागीर आहे ना. डॉक्टर मापं घेतात, हा दात बनवतो. तिकडं जागा पुरत नाही म्हणून थोडं घासायचं काम घरी आणतो. ते कुईकुई मशीन ऐकलं नाहीस का? मग त्यांनी स्वतःचे दात काढून माझ्या तळहातावर ठेवले. हे बघ, त्यानंच केलेत, आता सुपारी फोडते. हे शेवटचं वाक्य दात परत बसवल्यावर म्हणाल्या. दोन महिने एका घरात राहतेस आणि तुला माहीत नाही? मी म्हटलं, त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, तू कधी विचारलंस?

माझा त्यांच्याशी या बाबतीत तात्त्विक मतभेद आहे. पण त्या मोठ्या आहेत.

जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, बाळा, इथं तुला कुणी काही करणार नाही. हे उगीचच, विषय सोडून.

१५ नोव्हेंबर, रविवार

शांतपणे विचार केला. कादंबरी बुडालेली नाही. उलट खोल झाली. जगाला हसू देणारा आणि स्वतः न हसणारा माणूस. हे मला आधी का सुचलं नाही? त्यांना खरंच कधी हसताना पाहिलेलं नाही. मी समोर असताना तरी नाही. मी नसताना मालकीणबाईंकडे जोरजोरात हसण्याचा आवाज येतो, पण ते मुखवट्यामागचं हसू असणार.

पहिलं प्रकरण पुन्हा सुरू.

१६ नोव्हेंबर, सोमवार

योजना: अंधार. अशा कादंबऱ्यांत एकदा तरी दिवे जातात आणि दोघं एका मेणबत्तीपाशी बसतात. संध्याकाळी मी फ्यूज काढून खिशात ठेवला.

परिणाम: संपूर्ण घराचा फ्यूज तो एकच होता. खाली मालकीणबाईंची मालिका ऐन खुनाच्या वेळी गेली. समोरच्या खोलीत एका आजोबांची वरची कवळी मशीनवर होती, ती अर्धवट राहिली. ते कपाळाला टॉर्च बांधून बाहेर आले, सरळ फ्यूजच्या पेटीपाशी गेले, आत बघितलं. मग माझ्याकडे. मी खोटं बोलत नाही, म्हणून काहीच बोलले नाही. खिशातून काढून दिला.

ते रागावले नाहीत. फ्यूज बसवला आणि म्हणाले, अंधाराचं काही वाटत असेल तर खोलीतला दिवा चालू ठेवत जा, बिलाचं मी बघतो.

कुणी माझ्यासाठी विजेचं बिल भरायला आजवर तयार झालेलं नाही. म्हणजे नायिकेसाठी.

१८ नोव्हेंबर, बुधवार

योजना: पडणं. नायिका जिन्यात घसरते, पाय मुरगळतो, नायक उचलून आणतो, त्या वेळी त्याच्या तोंडून पूर्वायुष्य बाहेर पडतं. पण पडण्याचं नाटक करणं म्हणजे खोटेपणा. यावर बराच विचार केला. उपाय: वरून तिसऱ्या पायरीवर साबणाचं पाणी टाकायचं आणि विसरून जायचं. विसरल्यावर पडले तर ते प्रामाणिक पडणं.

पाणी टाकलं. विसरायला सुरुवात केली.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

विसरता आलं नाही. ऑफिसला निघताना ती पायरी लक्षात ठेवून ओलांडली आणि चौथीवर पडले.

पाय ठीक आहे. समोरचा दात कठड्यावर आपटून तुटला. मला उचललं मालकीणबाईंनी, काखेत धरून, सतरंजी उचलतात तसं. म्हणाल्या, जिन्यात साबण कुठल्या शहाण्यानं सांडला. मी सांगितलं, मी. त्यांचे डोळे भरून आले. काही कारण नव्हतं.

तो धावत आला. मला उचललं वगैरे नाही. माझी हनुवटी दोन बोटांनी धरून तोंडात बघितलं, म्हणाला, तुकडा कुठाय? मग टॉर्च घेऊन ओणव्यानं आख्खा जिना शोधला, पायरी पायरी, साबणाच्या पाण्यातसुद्धा. तुकडा चपलांच्या मागे सापडला. त्यानं तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला वर्णन करता येत नाही. मग रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. डाव्या. वरच्या.

डोळे तपकिरी आहेत. पडताळलं.

आजच्या नोंदीत 'ते' ऐवजी 'तो' लिहिलं गेलं आहे. दुरुस्त करायला हवं. करते, नंतर.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

हे नीट क्रमानं लिहायला हवं.

सकाळी तो मला त्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तुकडा चिकटवण्यासारखा नव्हता, दातावर टोपी बसवायचं ठरलं. टोपी तोच बनवणार. डॉक्टरांनी एका ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरून माझ्या तोंडात दाबला आणि बजावलं, घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही, मान तर अजिबात हलवायची नाही, नाहीतर माप बिघडेल. तेवढ्यात पलीकडच्या खोलीत कुणीतरी मोठ्यानं बोंब मारली. डॉक्टर त्याला म्हणाले, जरा धरून ठेव रे, आणि गेले.

म्हणजे तो माझ्यासमोर स्टुलावर, त्याचा हात माझ्या हनुवटीखाली, चेहरा वीतभर अंतरावर. अशी जागा कादंबरीत आणायला मला दोन प्रकरणं लागली असती.

आणि तो मोकळा झाला.

म्हणाला, राग येणार नसेल तर एक बोलू? येणार असेल तरी आत्ता तुम्हाला काही म्हणता यायचं नाही, म्हणून बोलूनच घेतो. म्हणाला, भिंत पातळ आहे. मी मशीन बंद करून ऐकलं, चूक माझी. तुम्ही म्हणत होता, तो मला शोधत इथंही येईल. रडत होता. मी मालकीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मला पहिल्या दिवसापासून वाटत होतंच, पोरीनं काहीतरी फार वाईट सोसलंय, तिला सोडायला आलेल्या आत्यानंही जाताना जपा म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून मी पाय वाजवत नाही. काही विचारत नाही. सिलिंडरवाल्यासमोर तुम्हाला ताई म्हटलं, म्हणजे तुम्हाला घरात एक भाऊ असल्यासारखं निर्धास्त वाटेल. तुमच्या दातांकडे बघायची माझी सवय वाईट आहे, धंद्याची आहे, तुमची खालची ओळ फार सुरेख आहे. त्या दिवशी तुम्ही तोंड झाकलंत, मला चार दिवस गोड लागलं नाही. सोमवारी तुम्ही फ्यूज काढून अंधारात उभ्या होता. काल जिन्यात साबण तुम्हीच टाकलात म्हणालात. मालकीणबाई रात्रभर रडल्या.

मी म्हणाले, आं. लगदा थोडा गालात सरकला. तो म्हणाला, बोलू नका, बिघडेल.

मग म्हणाला, आमच्या घरी नऊ माणसं, एका वेळी सगळी बोलतात. मला इथं बरं वाटतं. करार वाढवावा असं मनात आहे. पण एका घरात परका पुरुष, त्याचं दडपण येऊन तुम्ही असं काही करत असाल तर मी थांबणं बरं नाही. एवढंच सांगा. मी गेलो तर तुम्हाला सुटल्यासारखं वाटेल का? तसं नसेल तर नुसती मान हलवा.

डॉक्टरांनी मान हलवू नका असं स्पष्ट सांगितलं होतं.

मी हलवली नाही.

मी डोळ्यांनी सांगायचा प्रयत्न केला. शक्य तितके मोठे केले. तो म्हणाला, घाबरू नका, झालंच.

डॉक्टर आले, ट्रे काढला, म्हणाले, अशी शहाणी पेशंट वर्षातून एखादी, माप कसं कोरून काढल्यासारखं आलंय. मी तोंड उघडलं, तर तो ट्रे घेऊन आत पळालासुद्धा. माप आक्रसायच्या आत त्यात प्लास्टर ओतावं लागतं. त्याच्या कामात दिरंगाई चालत नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार

त्यानं मालकीणबाईंना सांगितलं. पुढच्या शनिवारी खोली सोडतो.

आज सांगणार होते. पण तात्पुरती टोपी बसवली आहे आणि 'स' आणि 'च' म्हणताना शिट्टी वाजते. इतकी महत्त्वाची गोष्ट शिट्टीसह सांगणं बरं दिसत नाही.

२३ नोव्हेंबर, सोमवार

शेजारच्या टेबलावरचीला सगळं सांगितलं. ती अर्धा वेळ टेबलावर डोकं ठेवून हसत होती. मग अचानक हसायची थांबली आणि म्हणाली, बावळट, जाऊ नका म्हण. दोन शब्द आहेत. एकातही शिट्टी नाही.

दोन्ही शब्द तपासले. 'जाऊ नका' ही आज्ञा होते. आज्ञेला कारण द्यावं लागतं. कादंबरीसाठी, असं कारण दिलं तर ते अपुरं ठरेल, आणि अपुरी माहिती देणं आमच्या धंद्यात खोट्याइतकंच वाईट.

शिवाय त्यासाठी आधी सांगावं लागेल की मी काहीच सोसलेलं नाही. सूप, दिवा, पाय न वाजवणं, सगळं मी फुकट घेतलं. मालकीणबाईंचे अश्रूसुद्धा.

२५ नोव्हेंबर, बुधवार

टोपी बसली. आरशात बघितलं तर कुठला दात नवा ते मलाच ओळखू येईना. त्याच्या शेजारच्या दाताला लहानपणापासून एक बारीक खाच आहे. त्यानं नव्यालाही तशीच खाच दिली आहे. डॉक्टर म्हणाले, मी म्हटलं गुळगुळीत कर, तर हा ऐकेना, म्हणाला मग तो तिचा वाटणार नाही.

आज सांगणार होते. पण डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत कठीण काही नको.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

मालकीणबाईंना खरं सांगितलं. कादंबरी, उशी, संवाद, साबण. त्यांनी हातातली सुपारी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, म्हणजे तुला काही झालेलं नाही? मी म्हटलं, गोवर. त्या म्हणाल्या, कार्टे, मी तुझ्यासाठी रात्र रात्र जागले. आणि मग इतक्या हसल्या की दात धरून ठेवावे लागले.

मी म्हटलं, तुम्ही त्याला सांगाल का? त्या म्हणाल्या, मी का सांगू? मिठाची गुळणी धरून तू बसली आहेस. भिंतीशी एवढं बोलतेस, भिंतीपलीकडच्याशी बोल.

दुरुस्ती. २ तारखेच्या नोंदीत 'बाकी माझं काही नाही' असं लिहिलं आहे. हे बरोबर नाही.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सांगणार होते. तयारी पूर्ण होती. आरशासमोर म्हणून पाहिलं, हळू आवाजात, भिंतीचा विचार करून.

पण तो आवराआवर करत होता. खोलीचं दार उघडं, आत सगळीकडे खोकी, आणि तो खाली बसून जबडे एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळत होता. अशा नाजूक कामात माणसाला दचकवणं योग्य नाही. मी दारात उभी राहिले. त्यानं वर बघितलं. म्हणाला, सुपाचं पातेलं इथंच ठेवतो, तुम्हाला होईल. मी म्हटलं, आभारी आहे. त्यानं हातातला जबडा खाली ठेवला. म्हणाला, काही म्हणायचं होतं का? मी म्हटलं, झाकण पण ठेवताय का?

तो म्हणाला, हो, झाकण पण.

हा त्या केसांच्या प्रश्नानंतर मी कुणाला स्वतःहून विचारलेला पहिला वैयक्तिक प्रश्न. म्हणजे प्रगती आहे. जमतं आहे. आता फक्त योग्य वेळ निवडायची.

उद्या शनिवार. सकाळी टेम्पो येणार, हमाल असणार, मालकीणबाई जिन्यात उभ्या राहून सूचना देणार. खोकी, दोऱ्या, आरडाओरडा. त्या धांदलीत असं काही बोलणं म्हणजे त्याच्यावरही अन्याय. तेव्हा शनिवार नको.

रविवार, २९ नोव्हेंबर. चहा झाल्यावर लगेच. ऑफिसला सुट्टी, मालकीणबाई बहिणीकडे गेलेल्या, मशीनचा आवाज नाही, कसली घाई नाही. इतकं निवांत घर मला या महिन्यात एकदाही मिळालेलं नाही.

रविवारी नक्की.